होसकोट्याला गेलेली बरणी

माझे वडील, आमचे अण्णा, बेंगळूरच्या एका इस्पितळात विजेचं काम बघत. शस्त्रक्रियेच्या वेळी वीज गेली तर दिवे लागावेत म्हणून तिथे बॅटऱ्यांची एक खोली होती. जाड काचेची मोठमोठी भांडी, आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. एकोणीसशे साठ साल उलटलं, इस्पितळात नवं डिझेलचं यंत्र आलं आणि जुनी खोली रिकामी करायचं काम अण्णांच्या गळ्यात पडलं.

अण्णा महाचिकट. नवं यंत्र नीट भार घेतंय अशी खात्री पटेपर्यंत त्यांनी जुन्याची एक तार सोडवली नाही. मग बोटातली अंगठी काढून ठेवली, रबरी हातमोजे चढवले, तेजाब सांडलंच तर त्याचा जोर मरावा म्हणून फरशीवर सोडा पसरला आणि एकेक भांडं रिकामं करायला घेतलं.

इकडे आमच्या गल्लीचा डोळा त्या भांड्यांवर. एवढी जाड काच, तीत लोणचं काय मुरेल! हा शोध बायकांशिवाय कुणाला लागणार? शेजारच्या अक्का दारातूनच म्हणाल्या, "अण्णा, आमच्यासाठी स्वल्प मोठी बरणी बघून ठेवा हं." अण्णांनी इस्पितळामागे खड्डा खणवला आणि सगळी भांडी घणानं फोडून पुरली. शिसं काचेला धरून राहतं, गरोदर बाईला तर फारच वाईट, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं. गल्लीनं आमच्याशी बोलणं टाकलं.

फोडताना एक भांडं कमी भरलं. अण्णांनी घरी येऊन विचारलं आणि आईचा चेहरा उतरला. मागे एक बॅटरी बिघडली होती, तिचं भांडं अण्णांनी परसात ठेवलं होतं. आईनं ते घासूनपुसून माझ्या होणाऱ्या सासरी, होसकोट्याला, भेट म्हणून धाडलं होतं. माझ्या लग्नाच्या पंगतीचं कैरीचं लोणचं तिकडे त्यांनी त्यात घातलंसुद्धा होतं. आणि त्या घरातली थोरली सून दुसऱ्यांदा गरोदर होती.

"उद्याच जातो," अण्णा म्हणाले.

आई कळवळली. "अहो, लग्नाचं लोणचं टाकायला सांगणार? केवढा अपशकुन! लग्न मोडेल पोरीचं."

"मोडलं तर मोडलं."

माझ्यासमोर म्हणाले हो! मी रडून घर डोक्यावर घेतलं. मुलगा मला मनापासून आवडला होता. नंतर सांगा, लग्न होऊ दे, मग सांगा, असं मी विनवलं. अण्णा म्हणाले, "तोवर ती खाईल." पहिली बस धरून ते गेले.

संध्याकाळी परतले ते पडलेल्या चेहऱ्यानं. सासूबाईंनी लोणचं टाकलं होतं, भांडंही त्यांच्यासमोर फोडलं होतं, पण चहा विचारला नव्हता. लग्नाचं "कळवतो" एवढंच त्या घरचे म्हणाले होते.  पुढचे कितीतरी दिवस मी अण्णांना पाणीसुद्धा दिलं नाही.

मग एका सकाळी सासूबाई स्वतःच दारात. बरोबर कैऱ्यांची पिशवी. आईनं पदर सावरेपर्यंत त्या ओट्यापाशी पोचल्या होत्या.

"विळी कुठाय? आता इथेच घालू लोणचं, तुमच्या चिनीमातीच्या बरणीत," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे न बघता, "सून चोरून खायला बसली होती. डोहाळे लागलेत तिला आंबट. तुम्ही आलात तेव्हा तिच्या हातात भरलेली वाटी होती, तोंडाला लागायचीच बाकी. मी रागात होते, तुम्हाला सांगितलं नाही."

 मी धावत जाऊन अण्णांना पाणी आणून दिलं. त्यांच्या हाताला मी इतक्या दिवसांनी हात लावला आणि मला रडू आवरेना.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. त्या एका वाटीनं काय बिघडलं असतं, कुणाला ठाऊक. पण ज्या घरात मी पुढे सुखानं नांदले, त्या घरात मी गेले ती अण्णांच्या हट्टामुळे, आणि त्यांचे हे उपकार मी आजही मानते.

जावेला मुलगी झाली. बारशाला सासूबाईंनी तिला पाळण्यात घालण्याआधी अण्णांच्या मांडीवर ठेवलं. "आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.