आमच्या वन्संचा मोडेम

ह्यांचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "आक्का गेली गं," एवढंच बोलले आणि पलीकडून दवाखान्यातला गलका ऐकू येत राहिला. सकाळी टाकीच्या खोलीत छातीत कळ आली, तरी वन्सं आपल्या पायांनी गाडीत जाऊन बसल्या होत्या, वर मलाच म्हणाल्या, "शांता, दूध तापतंय, गॅस बारीक कर." तव्यावरची भाकरी करपून घरभर धूर झाला, तरी मी आपली तशीच बसलेली... महिना होत आला आता, पण अजून खरं वाटत नाही.

कुमुद त्यांचं नाव. गावाच्या आक्का, माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. पुण्यात एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर कासार आंबोलीला भावाच्या घरी राहायला आल्या. खरं सांगते, मला ते नको होतं. नणंद कायमची घरात म्हणजे काय काय चुका निघतील! पण त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात कधी डोकावून पाहिलं नाही, पाहिलं ते गावाच्या नळाकडं. आमच्याकडं पाणी कधी सुटेल त्याचा नेम नसायचा. निम्म्या बायका पिरंगुटला कंपन्यांत कामाला, त्यामुळं पाण्यापायी घरटी एकीचा खाडा ठरलेला. वन्संनी कुणाचा तरी अडगळीतला कॉम्प्युटर मागून आणला, त्यावर लिनक्स घातलं (फुकट मिळतं आणि जुन्या मशिनवरही बरं चालतं म्हणे), त्याला सिमकार्डाचा एक मोडेम जोडला आणि टाकीच्या खोलीत मांडून ठेवला. पाणी सोडायच्या आधी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायला लागला. शेजारी स्टूल ओढून मला बसवायच्या. मी सातवी झालेली बाई, पण "हे तुला काय कळणार" हे वाक्य त्या बाईच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

खंडेनवमीला आमच्या बचत गटाच्या बायकांना वाटलं, कोयत्या-खुरप्यांची पूजा होते, तर ह्या मशिनची का नको? सगळ्या जमल्या, खोली झाडली, झेंडूची माळ घातली. रंजना भारी टापटिपीची, तिनं चालू मशिनच्या तारा उपटून ओल्या फडक्यानं पुसल्या, हळदकुंकू लावलं आणि परत खोचल्या. झालं! दसऱ्याला मेसेजच जाईना. मोडेमचं पोर्ट उघडत नाही, एवढंच मशिन सांगत होतं. पाणी कमिटीचे नाना दारात उभे. त्यांना हे बायकांचं खेळणं पहिल्यापासून नको होतं.

"कुकू लावलं तवाच म्या वळाकलं, ह्याचं तेरावं घातलं बायांनी. आक्का, बंद करून परत चालू कर की! टीव्हीचं तसंच करतो आमी."

"चालू होईल रे नाना. पण का रुसलं ते कळणार नाही, आणि पुढच्या खंडेनवमीला परत रुसेल."

त्यांची तपासायची एक रीत होती. आधी तार नीट बसलीय का ते बघायचं. मग मशिनला मोडेम दिसतोय का. मग आपल्याला तो उघडायचा हक्क आहे का. मग दुसऱ्या कुणी धरून ठेवलाय का. एका वेळी एकच गोष्ट बघायची आणि घाई करायची नाही. दुसऱ्याच पायरीला सापडलं. चालू असताना तार उपटून परत लावली की लिनक्स मोडेमला नवा नंबर देतं, आणि आमचा प्रोग्राम बिचारा जुन्याच नंबरला हाका मारत बसलेला. रंजना रडकुंडीला आली. "आक्का, म्याच उपटल्या वो तारा." वन्सं हसल्या. "बरं केलंस! नाहीतर हे असंही बिघडतं ते मला कुठून कळलं असतं?" आता कुणीही म्हणालं असतं, पुन्हा मशिनला हात लावायचा नाही, पूजा बंद. वन्संनी काय केलं, तर मोडेमला त्याच्या स्वतःच्या कायमच्या नावानं ओळखायला मशिनलाच शिकवलं. तार कुठंही खोचा, कितीदाही पुसा. "माणसांनी आपल्या रीती सोडायच्या नाहीत गं, मशिननं जुळवून घ्यायचं," म्हणाल्या. ही अशी बाई.

त्या गेल्या त्या दिवसापासून मेसेज थांबले. खोलीला कुलूप, किल्ली आमच्या घरात, इन्व्हर्टरवर मशिन आपलं चालू. सुतकात कोण बघतंय? तेराव्यानंतर नाना आले. "वयनी, आक्का हुती तवर ठीक हुतं. आता कोन बगनार? काढून टाकू." रंजनानं तोवर पाण्यापायी पुन्हा खाडे सुरू केलेले. मी म्हटलं, "नाना, आजचा दिस ऱ्हाऊ द्या. बगते."

किल्ली घेऊन टाकीची खोली उघडली, नाना दारातच थांबले. स्क्रीनवर तेच. पोर्ट उघडत नाही. हात बटणाकडं गेला होता, पण बंद केलं नाही. तार हलवून पाहिली, घट्ट होती. मोडेम दिसत होता. हक्क होता. मग चौथी पायरी... कुणीतरी धरून ठेवला होता. शोधत गेले तर स्क्रीनवरच मागं हुकूम लिहायची एक काळी खिडकी उघडी राहिलेली. कळ यायच्या आधी वन्सं त्यातून मोडेम तपासत बसल्या होत्या. 'एटी' लिहिलेलं, म्हणजे 'ऐकतोयस ना?' आणि खाली त्याचं उत्तर, 'ओके'. त्यापुढं काही नाही.

नानांनी दसऱ्याला सांगितलं तसं बंद करून चालू केलं असतं, तर मेसेज गेले असते, पण ती खिडकी मिटून गेली असती आणि मला कळलंही नसतं.

खाली मी पण 'एटी' लिहिलं. 'ओके' आलं. मग ती खिडकी मी माझ्या हातानं बंद केली.

दारात नानांच्या खिशातला मोबाइल वाजला, पाण्याचा मेसेज. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, चपला सरकवल्या आणि पाणी सोडायला गेले.