नाळेचे ठोके थांबेपर्यंत

मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अंगाला एक आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक टेबल, बाहेर नळ. चांगुणा तिथं एकवीस वर्षं नर्स आहे. राहायला नदीपल्याड दौंडला, येणं-जाणं स्कूटीवर.

तिची आई दाई होती. एखाद्या मोठ्या घरची बाई अडली की आईला मागच्या दारानं आत घ्यायचे. एकदा बाळंतीण दगावली, तेव्हा त्याच माणसांनी आईला गोठ्याच्या खांबाला बांधून निरगुडीच्या फोकानं सोलून काढलं. नऊ वर्षांची चांगुणा गव्हाणीआडून बघत होती. मोठी झाल्यावर ती नर्सच्या ट्रेनिंगला गेली ती त्या फोकामुळंच. सरकारी साडीवर कुणी हात टाकत नाही, अशी तिची समजूत होती. तिला कोण सांगणार की गावात साडी नंतर बघतात, बाई कुणाची ते आधी बघतात.

दोन वर्षांपूर्वी हौसरावांच्या सुनेचं, नीलमचं पहिलं बाळंतपण चांगुणानं केलं. हौसराव म्हणजे बागायतदार, दारात चाळीस दुभती जनावरं, सोसायटी खिशात. मुलगा झाला, रडला. चांगुणानं शिकवल्याप्रमाणं नाळ लगेच कापली नाही, दोनेक मिनिटं थांबली. तिसऱ्या दिवशी पोर हळदीसारखं पिवळं झालं. शिरूरच्या दवाखान्यात दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि खडखडीत बरं होऊन घरी आलं. पण नीलमच्या नवऱ्यानं, पृथ्वीराजनं, तोवर मोबाइलवर शोधून काढलं होतं की नाळ उशिरा कापली की कावीळ होते. अर्धं खरं होतं ते, आणि अर्ध्या खऱ्याइतकं घातक काही नसतं. तो उपकेंद्रात आला आणि सलाईनच्या लोखंडी स्टँडनं त्यानं चांगुणाचं डावं मनगट मोडलं.

"पोरगं तापट हाय, बाई. गावातलं गावात मिटवू," हौसराव म्हणाले. वरचे साहेबही तेच म्हणाले. चांगुणानं मिटवलं. ही तिची चूक, आणि तिला ती रोज वेणी घालताना हात वळेना की आठवायची.

एक शंका मात्र तिच्या मनात होती. बाळ उपाशी राहिलं की कावीळ चढते. तिनं नीलमच्या सासूला, मुक्ताबाईला, विचारलंही होतं, "पहिला चीक पाजला का?" मुक्ताबाई म्हणाली होती, "पाजला की." नीलम खाली मान घालून बसली होती.

यंदा मार्चमध्ये, भर दुपारी, नीलम पुन्हा आली, सोबत नवरा आणि सासू. दिवस भरायला तीन आठवडे बाकी, अंगात रक्त जेमतेम आठ. चांगुणानं शिरूरला पाठवायचं ठरवून गाडी मागवली, पण गाडी न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. बाळ काही ट्रॉल्यांसाठी थांबणार नव्हतं. पृथ्वीराज दारात उभा राहिला.

"या टायमाला नाळ लगीच कापायची. न्हाईतर दुसरा हात बी मोडीन."

दार लोटून चांगुणा कामाला लागली. वीस मिनिटांत मुलगी झाली. बारकीशी, फिकी, पण पुसताच रडली. चांगुणानं नीलमच्या मांडीत रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन दिलं, पोरीला कोरड्या फडक्यात धरलं आणि नाळेवर दोन बोटं ठेवली. नाळ उडत होती.

आता तिच्यापुढं हिशेब सरळ होता. पोर रडलं नसतं तर थांबायचा प्रश्नच नव्हता, कापून श्वास द्यावा लागला असता. पण ही रडत होती. पंप बंद केला तरी पाइपातलं पाणी वाफ्यात उतरत राहतं, तसं आईच्या पोटात राहिलेल्या वारेतलं रक्त अजून पोरीकडं येत होतं. आईच्याच अंगात रक्त नाही, पोरीनं पुढचे सहा महिने ह्याच शिदोरीवर काढायचे. थांबलं तर कावीळ थोडी वाढेल, पण तिला दिवा आहे, डॉक्टर आहे. कापलं तर गेलेलं रक्त परत येत नाही. आणि थांबलं तर आपली हाडं. ती भ्याली होती, चांगलीच भ्याली होती. तरी तिनं चिमटा उचलला नाही.

दार धाडकन उघडलं.

पहिली बुक्की मानेवर बसली. ती टेबलावर वाकली आणि दोन्ही हातांच्या मध्ये पोरीला घेऊन तशीच राहिली. त्यानं केस धरून मागं ओढलं, तिचा ओठ टेबलाच्या कडेवर फुटला. भिंतीवरच्या घड्याळात तीस सेकंद झाले होते. मग त्यानं तोच स्टँड उचलला. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. चांगुणा ओरडली नाही, कारण ओरडलं तर हात हलणार होते. पंचेचाळीस. दुसरा घाव पाठीवर आला. बोटांखाली नाळ अजून उडत होती.

"पयल्या येळंला चीक सासूबाईंनी पिळून मोरीत टाकला," टेबलावरून नीलम बोलली. "तीन दिस गुळाचं पानी पाजलं पोराला. बाईंनी कायबी केलं न्हवतं. मला म्हनल्या, बोललीस तर माहेरी धाडीन."

पृथ्वीराजचा हात वरच राहिला. म्हशीच्या पारडाला चीक मिळाला नाही तर गड्याला शिव्या घालणारं घर ते. तो वळला. दारात त्याची आई उभी होती. त्यानं तिच्या अशी थोबाडीत मारली, की ती बादलीवर जाऊन आदळली. खऱ्याचा उजेड पडला तरी ह्याला हातच चालवायचा ठाऊक.

चांगुणाच्या बोटांखाली नाळ गार पडली, थांबली. दोन मिनिटं झाली होती. तिनं चिमटे लावले, नाळ कापली, पोरीला नीलमच्या छातीशी लावलं आणि मग ती खाली बसली.

रस्त्यावरच्या माणसांनी पृथ्वीराजला धरून ठेवलं. संध्याकाळी फौजदार जबाब घ्यायला आले, त्यांच्या मागोमाग हौसराव.

"मिटवू, बाई," ते म्हणाले.

"नाही," चांगुणा म्हणाली. तिला धड श्वास घेता येत नव्हता. "लिहून घ्या, साहेब."

"साक्ष कोण देनार? माझ्या घरातलं तर कुनी देनार न्हाई," हौसराव म्हणाले, आणि त्यांना तशी खात्रीच होती.

मुक्ताबाई गाल सुजलेला घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि फौजदारांपुढं आली.

"मारताना म्या बगितलं. दोन वर्सांमागं बाईंचा हात बी त्यानंच मोडला, माझ्या लबाडीपायी. दोनी लिवा."

"अगं, पोरगं हाय ते तुजं," हौसराव म्हणाले.

"व्हय, माजंच हाय," असं म्हणून तिनं अंगठा पुढं केला. "म्हनून माजा अंगठा पयला घ्या."