दोन भाकरी आणि बुक्की

वहिनीचा डावा हात कधी स्वस्थ नसे. परातीच्या काठावर, दवाखान्याच्या बाकावर, पंगतीत वाढप्याची वाट पाहताना तो गोल गोल फिरत राही. एकदा तर एका मयतीच्या घरी बायकांत बसलेली असताना मांडीवर फिरताना मी पाहिला. नव्या माणसाला वाटे, बाईला वाताचा काही त्रास असावा. घरच्यांना माहीत होतं, ती सराव करते आहे.

डोणगावला बसस्टँडच्या मागं दादाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन मशीन, एक पंखा, बसायला लोखंडी स्टुलं. दादाचा जीव शेतात, म्हणून दुकानात वहिनी बसे. मधल्या मशीनवर मारामारीचा गेम होता. दोघांनी शेजारी बसायचं, हातात स्टिक आणि बटणं घेऊन आपापला माणूस लढवायचा. हरला तो उठणार, जिंकला तो बसून राहणार आणि रांगेतला पुढचा त्याच्याशी लढणार. हा कायदा वहिनीनं घातला होता आणि तो तिनं स्वतःच्या पोरासाठीही मोडला नाही. "रडू नको बे, ऊठ. मांगच्याले बसू दे."

दुपारी दुकानात कोणी नसे. त्या रिकाम्या दुपारांत ती शिकली. या गेममधले मोठे डाव नुसतं बटण दाबून येत नाहीत, आधी स्टिक ठरावीक पद्धतीनं फिरवावी लागते. मेहकरच्या कॉलेजची पोरं त्याला इंग्रजीत काहीबाही म्हणत. वहिनीनं आपली नावं ठेवली. स्टिक खालून पुढं एवढीच आणायची ती चतकोर. मागपासून पुढपर्यंत ती अर्धी भाकर. पूर्ण गोल ती भाकर. ठोशाचं बटण ती बुक्की. "चतकोर पुढं अन् बुक्की," असं ती काउंटरवरून ओरडे आणि पोट्टे तसं करत. पुढं पुढं कॉलेजची पोरंही तिचीच भाषा बोलू लागली.

तिचा खेळाडू ठरलेला होता, एक अवाढव्य पहिलवान. चालीनं सुस्त, उडीला जड. त्याला कोणीच घेत नसे. पण त्याचा एक डाव असा होता, की समोरच्याला कवेत धरून आभाळात न्यायचं आणि डोक्यावर आपटायचं. त्यासाठी लागत दोन भाकरी आणि बुक्की, डोळ्याचं पातं लवायच्या आत. अडचण ही, की स्टिक गोल फिरताना वर जाते, आणि वर गेली की माणूस उडी मारतो. उडी मारली की डाव गेला. एकटी मशीनशी खेळताना वहिनीला तो कधीमधी जमे. समोर जिवंत माणूस असला की पहिलवान नुसता उडे.

माझं तसं नव्हतं. मला एक युक्ती सापडली होती. खाली बसायचं आणि लाथ मारत राहायचं. बस्स. वहिनीला मी त्यावर कित्येकदा हरवलं असेल. दादा हसून म्हणे, "इच्या हाताची भाकर मशीनच खाते, आपल्याले करपली भेटते."

मी एकदा तिला विचारलं, "वैनी, एवढं शिकून काय फायदा? लाथेनं काम होते ना."

"भाऊजी, ते तर मलेही येते. येत नाही कोणाले?" ती म्हणाली. "मले एक डाव चांगल्या माणसावर बसवून पाहायचा आहे. तो लढून राह्यला पाहिजे, अन् तरी बसला पाहिजे. एकदा झालं की झालं."

त्या वेळी मला हे खूळ वाटलं. आता मी पन्नाशीत आहे. साखरखेर्ड्याला शाळेत शिकवतो. पहिल्या वर्षी काढलेली टिपणं आजही फळ्यावर उतरवतो, आणि पोरं पासही होतात. मग संध्याकाळी घरी आल्यावर एवढा थकवा कशाचा असतो, ते कळत नाही. कोणी विचारतं, असले डाव शिकण्यात वेळ घालवावा का? मी उत्तर द्यायचं टाळतो. उत्तर देण्याचा हक्क वहिनीला होता, आणि वहिनी आता नाही.

पोरांच्या हातात मोबाईल आले तशी दुकानात माशा बसू लागल्या. विकून टाक, हे दादाला मीच सांगितलं. गाळा भाड्यानं दे, म्हटलं. गिऱ्हाईकही मीच आणलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, हे मी मनाला अनेकदा सांगितलं आहे.

मशीन न्यायला टेम्पो आला त्या सकाळी वहिनीनं ड्रायव्हरला आणि हमालांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं. मग मधलं मशीन सुरू केलं आणि मला म्हणाली, "बसा भाऊजी. दुसरं आहेच कोण?"

आम्ही बसलो. तिचा पहिलवान हळूहळू जवळ आला. तिचा हात फिरू लागला. आणि मी खेळायचं थांबलो. माझा माणूस मी नुसता उभा ठेवला. एकदा तरी तिला मिळावं, एवढंच डोक्यात होतं. पहिलवानानं माझ्या माणसाला कवेत धरलं, आभाळात नेलं, आपटलं. पडद्यावर रंग उधळले.

वहिनी पडद्याकडे पाहतच नव्हती. माझ्या हाताकडे पाहत होती.

"तुम्ही उभे काऊन राह्यले?"

"नाही वैनी, मी…"

"मुर्दा उचलाले मी एवढी वर्षं हात फिरवला काय?" ती ओरडली नाही, हे फार वाईट झालं. "आता लढा. नाही लढले तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

मी लढलो. ती पुन्हा जवळ आली, हात पुन्हा फिरला. या वेळी पहिलवान उडाला नाही. पहिली भाकर पुरी झाली, दुसरी होत आली होती, हे मला शेजारून दिसत होतं. आणि माझा हात सवयीनं खाली गेला. लाथ बसली. पहिलवान आडवा झाला.

उभा राहिलो तेव्हा चुकलो, की लाथ मारली तेव्हा, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

वहिनी कायद्याप्रमाणं लगेच उठली. तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं, ते नव्हतं. ती कामात होती. डावा हात हवेत हळू फिरवून पाहत होती. "दुसरी भाकर वरून खाली येताना हात ढिला पडला," ती स्वतःशीच म्हणाली. "एवढंच राह्यलं होतं. सापडलं मले. उद्या पाहा तुम्ही, जमते की नाही."

बाहेर टेम्पोचा फाळका खाली पडला. हमाल आत आले. एकानं मधल्या मशीनची वायर भिंतीतून ओढली आणि दुसऱ्यानं स्टुल बाजूला सारलं. वहिनीचा हात अजून फिरतच होता.

"हाव वैनी," मी म्हणालो, "उद्या."