बुक केलेली जागा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे मी चारचौघांत सांगते. नोकरीही बाबांच्याच उपयोगाची लागली. महामार्गावर ट्रक उभा करायला कुठे जागा रिकामी आहे ते मोबाईलवर दाखवायचं आणि ती बुक करून द्यायची. पहिली बुकिंग मी बाबांच्याच ट्रकची केली, असीरगढच्या पायथ्याच्या ढाब्यावर. बाबांनी फोपनारला केळी भरतानाच सगळ्या ड्रायव्हरांना सांगून टाकलं, "आज आपली जागा रिझर्व्ह हाय." ती मिळाली नसती तर आम्हा दोघांचंही हसं झालं असतं, म्हणून मीही केबिनमध्ये चढले.

दुपारी ढाबा ट्रकांनी गच्च भरला होता. एकच जागा मोकळी होती आणि तिच्या मधोमध खाट टाकून ढाबेवाले काका आडवे झाले होते. बाबांनी हॉर्न दिला.

"पुढे घ्या भैया, ही जागा बुक हाय."

"अहो, मीच बुक केली!" मी खिडकीतून ओरडले.

"सकाळपासून सगळे हेच सांगून राहिले."

मी खाली उतरून मोबाईलवर बुकिंग दाखवली. काकांनी त्यातला गाडीचा नंबर ट्रकच्या पाटीशी ताडून पाहिला आणि कंबर धरत खाट उचलली.

बाबांनी ट्रक मुद्दाम सावकाश लावला. शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं, "उस्ताद, मालकाशी ओळख हाय का?"

"ओळख कशाला? पोरगी ग्रॅज्युएट हाय माझी."

मी अभिमानाने फुगून उभी होते, तेवढ्यात काका म्हणाले, "बेटा, उद्या दोन बुकिंग असतील तर आजच सांग. दुसऱ्या जागेत झोपायला भावाला बोलवावं लागेल."