केवडा लागलेली झाडं

नव्वदच्या दशकात सिल्वासाजवळ अथालला आमचा भेंडीचा चाचणी प्लॉट होता. केवडा म्हणजे भेंडीची पानं पिवळी करणारा विषाणूरोग. एक वाण त्याला अजिबात दाद देत नसे, दुसरा लगेच बळी पडे. दोन्हींच्या संकरातून वाढवलेल्या झाडांची पानं तपासून रोगाला थोपवणारा जनुक नेमका कुठे आहे ते शोधायचं होतं. त्यासाठी निरोगी झाडं लागत, तशीच आजारीही लागत.

वडिलांचं तेरावं उरकून मी कोकणातून परतलो, तर प्लॉट हिरवागार. एकही पिवळं पान नाही. राखणीला असलेली बाई म्हणाली, “तुमच्या घरी दुःख झालं ना साहेब, म्हणून आजारी झाडं मीच उपटून जाळली.” त्यांच्या नंबरांच्या पट्ट्या मात्र तिने धुऊन डब्यात ठेवल्या होत्या.

मी तापट माणूस. एरवी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी बांधावर बसलो आणि डब्यातली एकेक पट्टी काढून वहीत त्या नंबरापुढे ‘झाड नाही’ लिहीत गेलो. राग आला नाही, रडूही आलं नाही.

निघताना तिने विचारलं, “शेत बघून बरं वाटलं ना, साहेब?”

मी हो म्हणालो.