पुन्हा घेऊ या

तिला सगळे वहिनी म्हणत. सिनेमात उभं आयुष्य नायकाची वहिनी होण्यात गेलं, त्याला कोण काय करणार! स्टुडिओतला दिवेवाला वहिनी म्हणायचा, चहावाला म्हणायचा, आणि थोरल्या दिरानं तर कमालच केली. ज्यानं तिला नावानं हाक मारायची, तोच एकदा भर पंगतीत म्हणाला, "वहिनी, जरा मीठ द्या हो." सासूबाई हसून हसून बेजार.

वहिनीचं काम ठरलेलं. नायक चिडला की समजूत घालायची, नायिका आली की हसून आत जायचं.

"आत म्हणजे कुठे?" ती नवऱ्याला विचारायची. "इतक्या सिनेमांत मला कुणी आत काय आहे ते दाखवलंच नाही."

नवरा त्याच स्टुडिओत कपडेपटाचा शिंपी. दातानं दोरा तोडत तो म्हणायचा, "आत मी बसलोय, तुझी उसवलेली बाही शिवत."

तशी तिची तक्रार नव्हती. काम मिळत होतं, माणसं चांगली होती, संध्याकाळी दोघं गप्पा मारत बरोबरच घरी यायची. पण एकदा तरी आपण आत न जाता शेवटपर्यंत दिसावं, एवढी हौस होती.

चाळिशी उलटली आणि वहिनीची कामं नव्या मुलींकडे गेली. तेवढ्यात शहरात टेलिव्हिजन आलं. तिथल्या एका निर्मात्याला छोट्या नाटकासाठी आई हवी होती, आणि ही आई पहिल्यापासून शेवटपर्यंत होती! निर्माता मात्र महाखडूस.

"सिनेमावाल्यांचा मला भरवसा नाही," तो म्हणाला. "इथं बोललेलं तसंच थेट लोकांच्या घरात जातं. जमलं, तर दर आठवड्याला तुम्हीच आई. नाही जमलं, तर तुम्ही मोकळ्या."

तिनं पाठांतर करून घर डोक्यावर घेतलं. नवरा शिवता शिवता मुलाची वाक्यं वाचायचा, तीही इतकी रडवेली, की ती म्हणायची, "अहो, मुलगा घर सोडतोय, तुम्ही नाही!"

गोष्ट तेवढीच होती. मुलगा भांडून निघून जातो, आई एकटी रडत बसते.

त्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. भांडण रंगात आलं. मुलगा दाराशी पोचला. "जा, पण जेवून जा," असं तिनं म्हणायचं होतं. म्हणाली, "जेव, पण जाऊन जेव!"

आणि मग अंगात मुरलेली सवय. जीभ घसरली की स्टुडिओत सगळेच करायचे ते तिनं केलं. हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, "चुकलं. पुन्हा घेऊ या."

कुणी "कट" म्हणेना. कॅमेरावाला पांढराफटक पडला. मुलाचं काम करणारा नट कडीला हात लावून थिजला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घराघरांत ऐकलं होतं लोकांनी. संपलं, बाई, संपलं सगळं!

मग कुठून सुचलं देव जाणे, ती तरातरा दाराशी गेली आणि तिनं मुलाचं मनगट धरलं.

"खरंच चुकलं रे माझं. ये, बस. भांडण पुन्हा पहिल्यापासून घेऊ या. या वेळी तू बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही."

नट हुशार होता, बसला. बोलायला लागला, थोडं लेखकाचं आणि बरंचसं मनाचं. ती ऐकत राहिली, अगदी खरंखुरं ऐकत राहिली. हे तिनं पाठ कुठे केलं होतं! त्या नादात मुलाचं घर सोडणं राहूनच गेलं आणि नाटकाची वेळ संपली.

निर्माता धाडधाड जिना उतरून आला. मागून लेखक, "माझा शेवट! अहो, माझा शेवट!" म्हणत. ती चेहऱ्यावरचा रंग पुसत बसली होती. शेजारी रजा काढून आलेला नवरा उभा.

"बाई, नाटकाचा पार विचका केलात तुम्ही," निर्माता म्हणाला.

"केला खरा."

"पण ते ऐकताना तुमचा चेहरा..." निर्माता घसा खाकरत म्हणाला. "कॅमेरावाला तिथून हलायला तयार होईना. पुढच्या आठवड्यात असं जमेल?"

"ठरवून नाही हो जमायचं," ती म्हणाली. "पण काम द्या. चुका मी आपोआप करते."

निर्मात्याला हसू आवरेना. "सोमवारी सकाळी या," म्हणून तो लेखकाला ओढत घेऊन गेला. दार लागलं मात्र, वहिनीनं नवऱ्याचा सदरा धरला आणि त्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडायला लागली.

"अगं वेडे, मिळालं ना काम!"

"म्हणून तर रडतेय," ती म्हणाली.