बेनिग्नाचे दोन कागद

नदीकाठच्या कन्सेप्सियोन गावातल्या आमच्या प्रयोगशाळेत बेनिग्ना ओवेलारइतका सबुरीचा हात कुणाचा नव्हता. अकरा वर्षं मी तिच्या काचेच्या नळ्या धुतल्या, म्हणून सांगते. पण सबुरी म्हणजे क्षमा नव्हे. एलादियो बारेइरोचं नाव निघालं की ती कडाकडा बोटं मोडायची, आणि मला ते पटायचं.

एलादियो तिचा नवरा, नदीवरच्या बोटींवर कामाला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याला गरमी झाली, तोच तो गुप्तरोग. ती त्यानं कुठून आणली ते बंदरातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण त्याची आई, कासिमिरा, चिपाच्या रोट्या विकता विकता बाजारभर सांगत सुटली, "सुनेनं आणली!" बेनिग्नानं रक्त तपासून घेतलं. स्वच्छ निघालं. सासूनं तो कागद हातात धरला नाही, दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडंच रस्त्यावर फेकलं. बेनिग्ना हे काम शिकली ती त्या कागदापायीच.

एकोणीस वर्षांनी, एका मंगळवारी, तीच सासू, आता म्हातारी झालेली, आमच्या खिडकीशी आली. आमच्याकडे नमुना नातेवाइकांनीच आणायचा असतो. तिनं नळी तेरेरेच्या, म्हणजे गार चहाच्या, थर्मासात, बर्फात खोचून आणली होती. मुलगा भ्रमिष्ट झालेला, चालताना पाय फेकायचा. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं होतं. तोंडाला फडकं बांधलेल्या बेनिग्नाला तिनं ओळखलं नाही.

"पोरी, सांभाळून कर हो. एकुलता एक आहे माझा."

नळीवरचं नाव बघून मी कुजबुजले, "ओत मोरीत आणि लिही, काही नाही म्हणून! औषधावाचून सडू दे मेल्याला."

"गप गं," बेनिग्ना म्हणाली.

त्या पाण्यात रक्त मिसळलं असेल तर तपासणी फसते. तिनं नळी उजेडात धरली. नितळ होतं. काचेवर त्याच्या थेंबात सकाळचं ताजं द्रावण मिसळलं, काच आठ मिनिटं फिरवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गुठळ्या होत्या, म्हणजे रोग होता. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. इतकं जीव ओतून काम करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी खिडकीपुढे तीसेक माणसं होती, निम्म्या बाजारातल्याच बायका. बेनिग्नानं घडी घातलेला कागद पुढे केला.

"डॉक्टरांना द्या."

"मला वाचता येत नाही गं. तूच वाच. मोठ्यानं हं, बहिरी आहे मी!"

बेनिग्नानं तोंडावरचं फडकं उतरवलं.

"एलादियो बारेइरो. गरमी मेंदूपर्यंत चढली आहे." मग तिनं खिशातून पिवळा पडलेला कागद काढला. "बेनिग्ना ओवेलार. गरमी नाही. तारीख, तुम्ही माझं गाठोडं फेकलंत त्याच्या आदल्या दिवसाची. आलं ना ऐकू, आई?"

म्हातारीनं खिडकीची चौकट धरली.

"मरेल का गं तो?"

"मरू देऊ नका. चौदा दिवस पेनिसिलिन लागेल, एकही सुई चुकवू नका. डोकं ताळ्यावर यायला हवं त्याचं. वेड्याला लाज कशी वाटणार?"